काहीच न करणारी ओळ

जळगाव, ९ फेब्रुवारी २०२५
विषय: टोरान पॅच, तुझी सही

हसीब,

हा पत्ता चालू आहे की बंद, मला माहीत नाही. फोन नंबर तू बदललास आणि नवा कुणाला दिला नाहीस. मग मी जुन्या कोडमध्ये शोधलं. धुळ्यात कॉलेजला असताना तू केलेल्या प्रत्येक बदलाखाली तुझं नाव आणि हा ईमेल आहे. मिसरूड न फुटलेल्या पोरानं काढलेला आहे हे बघताक्षणी कळतं, पण दुसरा नाही म्हणून हाच घेतला.

कामाचं लिहिते. टोरानचा कोड मी मुख्य कर्नलमध्ये घेण्यासाठी पाठवला आहे. डाळ मिलच्या जुन्या, दाणे निवडणाऱ्या सॉर्टरमधला आपलाच टोरान. या प्रोसेसरचं नाव काढलं की लोक आपल्याला विचारायचे, हा कुठल्या मोबाइलमध्ये असतो. आता तर बनवणारी कंपनीही उरली नाही. कर्नलच्या ज्या मेंटेनर बाई हे तपासतात त्या बर्लिनच्या आहेत. दोनदा त्यांनी सगळं परत पाठवलं. तिसऱ्यांदा म्हणाल्या की काम आता ठीक आहे, पण यातला अर्धा भाग हसीब पिंजारी नावाच्या माणसानं लिहिलेला दिसतो, त्याची साइन्ड-ऑफ ओळ कुठे आहे?

नियम तुला माहीत आहे. ज्यानं लिहिलं त्यानंच ती ओळ द्यायची की हे मी लिहिलं आहे आणि हे देण्याचा मला हक्क आहे. त्याच्या नावानं दुसऱ्यानं टाकायची नाही. बहिणीनंही नाही. पारोळ्याचं घर अब्बांच्या नावावर झालं तेव्हा फुफीला, त्यांच्या सख्ख्या बहिणीला, रिक्षात घालून नेलं होतं आणि हक्कसोडपत्रावर तिची सही घेऊन आले होते. तू राजी आहेस का, असं तिला कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. मी तुला रीतसर विचारते आहे.

खाली तो सगळा कोड जोडला आहे. वाच, आणि उत्तरात तुझी एक ओळ टाक. बाकी काही लिहिण्याची गरज नाही.

सबीहा


जळगाव, २ मार्च २०२५
विषय: टोरान पॅच, दुसऱ्यांदा

हसीब,

मेल परत आला नाही, म्हणजे पत्ता जिवंत आहे. म्हणजे तू वाचलंस. किंवा पत्ता जिवंत आहे आणि तू तिकडे फिरकतच नाहीस. दोन्हीतलं काय खरं याचा विचार मी सोडून दिला आहे. आज पहिला रोजा आहे, दुपारनंतर डोकं तसंही चालत नाही.

तू गप्प का आहेस याचा अंदाज मला आहे. तुझी कंपनी. तुमच्या कोइमतूरच्या लोकांनी त्या बुडालेल्या कंपनीचं नाव आणि नकाशे विकत घेतले, आता त्यांचे वकील म्हणतील की टोरानला हात लावणारा आमचा नोकर कोण. पण तू हे लिहिलंस तेव्हा तुझी नोकरी नव्हती, तुझ्याकडे धड चप्पलही नव्हती. धुळ्याच्या त्या पत्र्याच्या खोलीत लिहिलंस. मी दर रविवारी एरंडोल-पारोळा करत एसटीनं यायचे, डबा आणायचे आणि आपण संध्याकाळपर्यंत टोरानच्या त्या बोर्डासमोर बसायचो. हे सांगायची वेळ आलीच तर मी कुठेही सांगीन.

अब्बा एकदा तिथे आले होते, आठवतं का. त्यांनी विचारलं, हे कर्नल कर्नल काय लावलंय? तू म्हणालास, अब्बा, मिलमध्ये मुकादम असतो ना. शेठ मुकादमाला सांगतो आणि मुकादम हमालांना. शेठला हमालाची भाषा येत नाही आणि हमाल शेठशी बोलत नाही. कर्नल म्हणजे तो मुकादम, आणि आम्ही त्याला एका नव्या हमालाची भाषा शिकवतोय. अब्बा म्हणाले, मग पगार मुकादमाला की तुम्हाला? तू इतका हसलास की ठसका लागला.

आता दुसरं. हे लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण तू उत्तर देत नाहीस म्हटल्यावर लिहायला हरकत नाही.

तीन वर्षांपूर्वी तू कंपनीचा शर्ट घालून रुपचंदशेठच्या मिलमध्ये आलास. सर्व्हिस इंजिनिअर. अब्बांनी सगळ्या मिलला सांगून ठेवलं होतं की माझा मुलगा येतोय. चाळणीवरच्या भिकुबाईला म्हणाले, आज मना पोऱ्या येई ऱ्हायना. तू मशीनला पेन ड्राइव्ह लावलास, अपडेट आहे म्हणालास, अब्बांनी तुझ्यासाठी कॅन्टीनचा चहा स्वतः आणला. तू तो उभ्यानंच प्यायलास आणि गेलास. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन सुरू केलं तर पडद्यावर आलं, परवाना संपला, नवीन मशीनसाठी संपर्क करा. वीस वर्षं ते मशीन अब्बांच्या हाताखाली होतं. नुसता आवाज ऐकून ते सांगायचे की कुठली हवेची नळी अडकली आहे. शेठनं नवीन मशीन घेतलं, त्यावर नवीन पोरं आली, आणि अब्बा घरी बसले.

तुला माहीत होतं का हसीब? पेन ड्राइव्हमध्ये काय आहे ते? अब्बांनी मला हे एकदाच विचारलं होतं. मी म्हटलं, त्याला कसं माहीत असेल. तेव्हापासून तुझं नाव घरात निघत नाही.

पुढचं तुला कुणी सांगितलं नसेल. ते बंद पडलेलं मशीन शेठनं शेडमध्ये टाकून दिलं होतं. मी त्यावर आपला कर्नल चढवला. सहा महिने लागले. मशीन चालू झालं, परवान्याचा पडदा गेला आणि अब्बा पुन्हा कामाला लागले. आता गावातल्या बाकीच्या मिलवालेही आपली जुनी मशीनं माझ्याकडे घेऊन येतात, एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. पण दर काही महिन्यांनी मुख्य कर्नल बदलतो आणि आपलं बाहेरून जोडलेलं शेपूट तुटतं. मी एकटी ते पुन्हा जोडत बसते. एकदा आत गेलं की बदल करणाऱ्यालाच टोरानही सांभाळावा लागेल. उद्या मला काही झालं तरी मशीनं चालतील. एवढ्यासाठी तुझी ओळ हवी आहे, तुझ्यावर उपकार म्हणून नाही आणि सूड म्हणूनही नाही.

बाईंनी एप्रिलपर्यंत मुदत दिली आहे. तू नाहीच दिलीस तर तुझा भाग मी काढून टाकते आणि स्वतः नव्यानं लिहिते. अवघड आहे, पण अशक्य नाही. मला आता पहिल्यासारखं कुठल्या कामाचं ओझंच वाटत नाही.

सबीहा


जळगाव, ३१ मार्च २०२५
विषय: ईद

हसीब,

ईद मुबारक.

या पत्राच्या विषयात मी मुद्दाम टोरान लिहिलं नाही. ऑफिसात चारचौघांत उघडशील आणि पंचाईत होईल. घरी गेल्यावर, बसून वाच.

अब्बा गेले. डिसेंबरच्या अकरा तारखेला. मागच्या दोन पत्रांत मी हे लिहिलं नाही. पहिलं पत्र लिहायला बसले ते खरं तर हेच लिहायला. टोरानपासून सुरुवात केली आणि टोरानवरच संपवलं. दुसऱ्या वेळीही तसंच झालं.

आजारी वगैरे नव्हते. दुपारी जेवून शेडमध्ये मशीनजवळ खुर्ची टाकून बसले होते. तुरीचा लॉट चालू होता. भिकुबाई चाळणीचा कचरा न्यायला आली, तिनं दोनदा हाक मारली. तिला वाटलं डुलकी लागली असेल. मशीन चालूच होतं. मी पोचले तेव्हाही चालू होतं, कुणाला बंद कसं करायचं ते माहीत नव्हतं. मी आधी मशीन बंद केलं आणि मग त्यांच्याकडे गेले. असं का केलं ते मला विचारू नकोस.

तुला कळवलं नाही त्याची दोन कारणं. एक म्हणजे नंबर नव्हता. दुसरं, ज्या दिवशी मशीन बंद पडलं त्या दिवशी संध्याकाळी घरी येऊन ते म्हणाले होते, त्याले मना मयतले बलावानं नही. एकदाच म्हणाले. नंतर ते त्यावर कधी बोलले नाहीत, मागेही घेतलं नाही. रागात म्हणाले की खरंच, हे मी विचारायला हवं होतं. विचारीन विचारीन म्हणता राहून गेलं. लोकांनी मयतीच्या दिवशी विचारलं, हसीब येतोय ना? मी म्हटलं, त्याला पोचायला जमणार नाही. नंबर असता तर फोन केला असता का, हे मला आजही सांगता येत नाही.

मला रडू आलं नाही. बायका माझ्याभोवती बसून वाट बघत होत्या. शेवटी शेजारची एक म्हणाली, रो ले बेटा, रो ले. मला वाटलं हिला बरं वाटावं म्हणून तरी रडावं, पण जमलं नाही. चाळीसावा झाला. जेवण पुरलं की नाही, पानं उचलली की नाही, तेवढंच मी बघत होते. त्यानंतरही तसंच. सकाळी उठते, वर्कशॉपला जाते, कोड लिहिते, येते. चव लागत नाही, भूक लागत नाही, वाईट वाटत नाही. भिकुबाई म्हणते, पोरी, तू सुकी गयी. आज शीरखुर्मा केला तर सवयीनं दोघांचा केला. उरलेला शेजारी दिला. त्या वेळीही वाटायला हवं होतं तसं काही वाटलं नाही.

तुला वाईट वाटेल. वाटू दे. निदान एकाला तरी वाटू दे.

तुझा भाग मी काढून टाकला. तुझा कोड न बघता नव्यानं लिहिला, सगळा रमजान त्यातच गेला. तुझ्यात बरीच कचरापट्टी होती. एका ठिकाणी तर तू प्रोसेसरला नुसता एक रिकामा फेरा मारायला लावला होतास. काहीच करायचं नाही, फिरून यायचं आणि पुढे जायचं. त्यावर एका शब्दाचा खुलासा नाही. बाईंनी विचारलं होतं, हे कशासाठी? मी काय सांगणार. माझ्या लिहिण्यात तसलं काही नाही आणि माझ्या टेबलावर सगळं व्यवस्थित चालतं. बाईंनी ते त्यांच्या चाचणीच्या प्रतीत घेतलं आहे. जुलैच्या आवृत्तीत टोरान असेल.

म्हणजे तुझी ओळ आता नको. हे पत्र त्यासाठी नाही.

आपा


जळगाव, १४ मे २०२५
विषय: टोरान, थांबण्याची ओळ

हसीब,

ईदच्या पत्रालाही तू गप्प राहिलास. त्याच्यावर मी पुन्हा लिहिणार नाही. माझ्यापुरता तो विषय संपला. मला तुझा राग येतो असंही नाही, येता तर बरं झालं असतं.

हे पत्र कामाचं आहे.

गेल्या आठवड्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला. रुपचंदशेठच्या शेडमधलं मशीन, ज्यावर आता माझा नवा कोड आहे, दुपारी आपोआप अडकलं. खराब दाणा उडवणाऱ्या हवेच्या नळ्या बंद, पट्टा चालू. काळा दाणा, खडा, सगळं चांगल्या डाळीत गेलं. अख्खा लॉट भिकुबाईनं आणि बाकीच्या बायकांनी हातानं पुन्हा निवडला. शेठ नुसता शेडच्या दारात उभा होता आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, बेटा, आता हे भंगारात देऊ या का.

संध्याकाळी ऊन उतरलं तर मशीन सुरळीत. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा अडकलं. बोर्ड काढून वर्कशॉपमध्ये आणला, टेबलावर माझ्या चाचणीच्या बोर्डाच्या जागी लावला. दिवसभर चालवला, एकदाही अडकला नाही. पुन्हा मशीनमध्ये बसवला, तर अडकला. तीन दिवस मी बोर्ड घेऊन मिल आणि वर्कशॉप अशा फेऱ्या मारत होते. रिक्षावाला विचारायला लागला, ताई, यात काय आहे, सोनं?

चौथ्या दिवशी पाणी प्यायला उठले आणि माठाकडे नुसती बघत राहिले.

वर्कशॉपमध्ये टेबलाच्या कोपऱ्यात माठाची तिवई आहे. कूलर लावला की कागद उडतात आणि पत्र्याखाली बोर्ड तापतो, म्हणून पहिल्या उन्हाळ्यातच मी चाचणीचा बोर्ड तिवईला बांधून टाकला, माठाला पाठ लावून. मध्ये डाळीच्या पोत्यातलं प्लास्टिक घातलं, पाणी लागू नये म्हणून. त्यानंतर बोर्डाची जागा तीच राहिली. मी लिहिलेली प्रत्येक ओळ त्या माठाला टेकलेल्या बोर्डावर तपासली गेली. उन्हाळा असो की काही असो, माझा टोरान कायम गार. बर्लिनच्या बाईंना मी लिहून दिलं होतं की सगळ्या चाचण्या मूळ यंत्रावर केल्या आहेत. माठाचं लिहिलं नव्हतं. ते लिहायचं असतं हेच मला सुचलं नाही. आपल्याकडे माठाजवळ काय काय ठेवतात, दूध ठेवतात, मेंदी ठेवतात, मी बोर्ड ठेवला.

बोर्ड सोडवला, माठापासून लांब, खिडकीतल्या उन्हात ठेवला. अडकला. मग तुझा जुना कोड काढला. तो चढवला. नाही अडकला. मग तुझ्या कोडमधून तो रिकामा फेरा काढला. अडकला.

म्हणजे प्रोसेसर तापला की त्याची आतली मेमरी रिकामी व्हायला जरा जास्त वेळ घेते. तिला तेवढं थांबू द्यावं लागतं. तुझा तो फेरा म्हणजे थांबणं आहे. तुला हे कळलं कारण धुळ्याच्या खोलीत माठ नव्हता. नळाची बादली होती, तीही दुपारी कोमट व्हायची. मी ज्याला कचरा म्हटलं ती तुझी एकच ओळ बरोबर होती आणि माझ्या सगळ्या रमजानच्या लिहिण्यात ती नाही.

आता नीट ऐक. ती ओळ मी स्वतः पुन्हा लिहू शकते. कुणी विचारणार नाही, कायद्यानंही काही अडत नाही. शोधली मीच, असं म्हणता येईल, अर्धं खरंही आहे. पण मला ते करायचं नाही. ती तुझी आहे. ती मी माझ्या नावावर पाठवणार नाही. आणि तुझं नाव तुझ्या परवानगीशिवाय घालता येत नाही, नुसतं सुचवणारा म्हणून घालायचं तरी विचारावं लागतं.

बाईंना मी सगळं कळवलं, माठासकट. त्यांनी बिचाऱ्यांनी माठ म्हणजे काय ते शोधून वाचलं. म्हणाल्या, या महिन्याच्या पंचवीस तारखेपर्यंत दुरुस्ती आली नाही तर टोरान या वेळी काढून टाकावा लागेल, आणि एवढ्या जुन्या प्रोसेसरसाठी पुन्हा दार उघडेल याची खात्री नाही.

तर आता तुझ्यावर आहे. तुझ्या नावानं ती ओळ आली तर टोरान राहील. नाही आली तर मी पंचवीस तारखेला स्वतःच सगळं मागे घेईन आणि शेठला सांगेन, भंगारवाल्याला बोलवा. मी हे धमकी म्हणून लिहीत नाही. माझ्यात धमकी द्यायची ताकद नाही. काय होईल ते नुसतं सांगते आहे.

सबीहा


जळगाव, २२ मे २०२५
विषय: टोरान, तातडीचं

हसीब,

विषयात टोरान लिहिलं आहे म्हणजे तू उघडशील. तुझं उत्तर सकाळी आलं. आपण कर्नलच्या लोकांशी बोलतो तसं उत्तर देते, तुझं वर, माझं खाली. तसं लिहिलं तर मला सुधरेल.

> साइन्ड-ऑफ-बाय: हसीब अन्वर पिंजारी

मिळाली. फेऱ्यावर तू खुलासाही लिहिलास, तो जसाच्या तसा घेतला. दुरुस्ती पाठवली. बाईंनी तासाभरात घेतली. टोरान राहिला.

> आपा, उशीर झाला कारण आधी राजीनामा दिला. नोकरीत असताना सही केली असती तर त्यांनी तुमच्या मिलवर वकील घातले असते. नोटिशीचा महिना काल संपला.

नोकरी सोड, असं मी म्हटलं नव्हतं. तरी ठीक आहे. वर्कशॉपमध्ये दुसरं टेबल बसेल एवढी जागा आहे.

> पेन ड्राइव्हचं विचारलंस. मला माहीत होतं. अब्बा चहा घेऊन आले तेव्हा तो आधीच लावला होता, काढता आला असता. काढला नाही. त्यानंतर कुणाला तोंड दाखवायची हिंमत झाली नाही, म्हणून नंबर बदलला.

हे वाचलं. राग आला. खरंच आला. डिसेंबरपासून पहिल्यांदा मला काहीतरी वाटलं, आणि ते हे. बाकीचं समोर बोलू.

> ईदचं पत्र उघडलेलं नाही. विषय बघून समजलो की अब्बांनी जे काही बोलायचं ते तुझ्याकडून लिहून घेतलं असणार. ते स्क्रीनवर वाचायचं नाही असं ठरवलं. त्यांच्यासमोर बसून ऐकायचं आहे. शिव्या देऊ देत, हात उचलू देत. मी गाडीत बसलोय. उद्या दुपारी जळगाव. त्यांना सांगू नकोस, नाहीतर ते घरातून निघून जातील.

हसीब, ते पत्र उघडू नकोस.

मी तुला मनात काय काय बोलले. वाचून गप्प बसला म्हटलं. आणि तू वाचलंच नव्हतंस. आता तू गाडीत बसून त्यांच्या शिव्यांची तयारी करत असशील आणि मला ते डोळ्यांसमोरून जात नाही. मी रडते आहे, लिहिताना अक्षरं दिसत नाहीत, चुका झाल्या तर समजून घे.

तू खाली नंबर दिला आहेस. सकाळपासून तीनदा फोन हातात घेतला. फोनवर मला जमणार नाही, आणि तू एकटा डब्यात आहेस.

कल्याणवरून चाळीसगावला थांबणारी गाडी धर. मी सकाळच्या गाडीनं तिथे येऊन थांबते. उतरू नकोस, दारात उभा राहा, म्हणजे मला दिसशील. मी चढते. दोघांची जागा धर, आणि खिडकीकडची तू घे. चाळीसगाव ते जळगाव तासभर लागतो. तेवढ्या वेळात मला तुला एक गोष्ट सांगायची आहे, आणि घरी पोचण्याआधी सांगायची आहे.

गाडी कुठली, डबा कुठला ते लिही.

आपा